गावातला पहिला नांगर कोणाचा?

धुमाळवाडी, नवलेवाडी, धामणगाव आवारी, हिवरगाव आंबरे. अकोले तालुक्यातल्या गावांची यादी वाचायला घेतली की मधूनच अशी आडनावं डोकावतात. गावाला आडनाव चिकटलंय म्हणजे कधीकाळी त्या घरातल्या कुणीतरी इथे पहिलं खोपट घातलं, पहिला नांगर धरला, असा आपला सरळ हिशेब. यात्रेच्या दिवशी पारावर बसलात तर आणखी बरंच कानावर येतं. कुणाचा मूळ पुरुष देवगिरीहून आलेला असतो, कुणाचा राजस्थानातून, आणि बऱ्याच जणांचा शिवाजी महाराजांबरोबर पट्टा किल्ल्यावर. १६७९ च्या अखेरीस जालन्याच्या स्वारीहून परतताना महाराज पट्ट्यावर विश्रांतीला थांबले होते, म्हणून त्याचं नाव विश्रामगड, हे खरंच आहे. पण त्या मुक्कामाला हजर असलेल्या पूर्वजांची आज सांगितली जाणारी संख्या खरी धरली, तर गडावर पाय ठेवायला जागा उरली नसती.

ऐकीव गोष्टी टाकून द्यायच्या नसतात, ताडून पाहायच्या असतात. गावात पहिल्यांदा वस्ती केलेल्या आपल्या पूर्वजापर्यंत ज्यांना कागदाच्या आधारानं पोचायचं आहे, त्यांनी एक गोष्ट पक्की धरावी. आपल्याकडचा जुना कागद माणसासाठी लिहिलेला नाही, साऱ्यासाठी लिहिलेला आहे. जमीन, वतन, देणं किंवा तंटा यांपैकी कशाशी संबंध आला, तरच माणसाचं नाव दप्तरात चढलं. म्हणून आडनावामागे धावू नका, शेताचा माग काढा.

अमेरिकेत पहिल्या वसाहतकऱ्यांची घराणी शोधण्याचा मोठा छंद आहे आणि तिथे काम पुष्कळ सोपं आहे. १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती, १८५० पासून तिच्यात घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, आणि बहात्तर वर्षं उलटली की ते तक्ते सगळ्यांना खुले. आपल्याकडे १८८१ पासून देशभर एकाच वेळी नियमित जनगणना सुरू झाली, पण घरोघरचे ते कागद बघायला मिळत नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्यानं ते गोपनीय आहेत. एका बाबतीत मात्र तिकडचा आणि इकडचा शोध सारखा आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली एकशेसाठ एकर जमीन घेणाऱ्याची फाइल तिथल्या वंशशोधकाला सोन्यासारखी वाटते. आपल्याला तसा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, वाटला पाहिजे.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करा. त्यावर गट नंबर असतो, पण आजोबांच्या वेळी तो नव्हता. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव गटवारी झाली आणि सर्वे नंबरांचे गट पडले. त्यामुळे पहिलं काम म्हणजे तुमच्या गटात कोणते जुने सर्वे नंबर आले ते शोधणं. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरण योजनेच्या उताऱ्याची नक्कल मागायची. ही पायरी गाळून थेट तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलात, तर तिथला माणूस ‘सर्वे नंबर सांगा’ म्हणेल आणि तुम्ही हात हलवत परत याल.

सर्वे नंबर मिळाला की सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक एकेक करून मागे न्यायचे. १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत गावोगाव हक्कनोंदीची वही सुरू झाली. त्या वहीतल्या पहिल्या नोंदीपर्यंत पोचायचंच, असं ठरवून बसा. साधारण चार पिढ्या त्यात निघतात.

एक वारसाचा फेरफार कसा वाचायचा ते पाहू. समजा, नोंद अशी आहे: ‘खातेदार सावळा बिन रावजी मयत. वारस मुलगे १ भिका २ गेणू अ. पा. क. आई सखू, पैकी भिका ए. कु. मॅ. म्हणून नाव दाखल.’ दोन ओळींची नोंद, पण तीन पिढ्या सांगते. ‘बिन’ म्हणजे मुलगा, म्हणून सावळाचा बाप रावजी. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. गेणू त्या वेळी सज्ञान नव्हता, त्याची आई सखू हयात होती, आणि भिकाच्या पुढे ती आई लिहिलेली नाही. भिका वेगळ्या बायकोचा असू शकतो, किंवा तो सज्ञान असल्यानं पालनकर्त्याची गरजच नसेल. इथे लगेच निष्कर्ष काढू नका, पुढच्या फेरफारात सखू मयत झाल्याची नोंद शोधा. तिच्या वारसांत भिका आहे की नाही यावरून उलगडा होण्याची शक्यता आहे. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. या तीन अक्षरांनी फार घोळ घातलाय. सातबाऱ्यावर थोरल्याचं एकट्याचं नाव असतं, धाकटे भाऊ मुंबईला गिरणीत, आणि दोन पिढ्यांनंतर त्या धाकट्यांच्या नातवंडांना आपलं गावात काही होतं याचा कागद सापडत नाही. तो याच नोंदीत असतो.

बायकांच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. घराण्यातल्या स्त्रिया वंशावळीतून गळतात आणि फेरफारात सापडतात, कारण विधवा झाल्यावर किंवा हक्कसोड लिहून देताना त्यांची नावं लिहावीच लागायची. बहिणींनी हक्क सोडल्याच्या नोंदीत त्यांची सासरची गावंही मिळतात. ती गावं वहीत उतरवून ठेवा. आपल्याकडे सोयरीक वर्षानुवर्षं त्याच पाच-दहा गावांत फिरते, आणि आपल्या गावची वही फाटली असेल तर पणजोबांचं नाव कधीकधी आत्याच्या गावच्या कागदात निघतं.

नावं जुळवताना एक सावधगिरी. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्यानं रावजी, सावळा, पुन्हा रावजी, पुन्हा सावळा असा पाळणा चालतो. दोन रावजींना एक समजलं की एक पिढी गायब होते. चुलतभावांत एकाच नावाचे दोघे असतील तर सर्वे नंबराशिवाय त्यांना वेगळं करता येत नाही.

फेरफाराला जोड म्हणून गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर पाहा. त्यात बाळाचं नाव बहुतेक नसतंच. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख, एवढंच. बारसं व्हायच्या आधी नोंद व्हायची, त्याला इलाज नाही. मृत्यूच्या नोंदी जास्त कामाच्या, कारण तिथे वय आणि आजार दोन्ही असतात. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतली पानं हाती आली तर एकाच घरातली दोन-तीन नावं पाठोपाठ दिसू शकतात, आणि घराण्याची एक फांदी अचानक का थांबली ते कळतं. शाळेचं जनरल रजिस्टरही पाहावं, पण त्यातल्या जन्मतारखेवर विसंबू नये. ती गुरुजींनी अंदाजानं घातलेली असू शकते. वडिलांचं नाव आणि जातीची नोंद मात्र भरवशाची. १९५१ च्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीत कुटुंबातली माणसं एकत्र सापडतात, ती उपलब्ध असेल तर अवश्य मागा.

जमीनच पाण्याखाली गेली असेल तर? प्रवरेच्या वरच्या अंगाच्या माणसांचा हा खराच प्रश्न. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, आणि पुढे निळवंडे. अशा घराण्यांनी भूसंपादनाचा निवाडा शोधावा. निवाड्यात कोणाची किती जमीन गेली, त्यावर कोणाचा हिस्सा, झाडं किती, विहीर होती की नाही, अशी तपशीलवार यादी असते. बुडालेल्या शिवाराचं एवढं बारीक वर्णन दुसऱ्या कुठल्या कागदात मिळत नाही.

इथपर्यंतचं काम चिकाटीचं, पण अवघड नाही. एकोणिसाव्या शतकात शिरलं की तीन अडचणी एकदम येतात: लिपी, सन आणि नावं.

लिपी मोडी. महसुली कागदांत ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रेंगाळली. मोडी वाचक पैसे देऊन मिळतात, पण आपल्या घराण्याची आडनावं, गावाचं नाव, ‘बिन’, ‘मौजे’, ‘परगणे’, ‘पाटील’, ‘मोकदम’ एवढे शब्द तरी स्वतः ओळखायला शिका. महिनाभर रोज अर्धा तास बसलं तर जमतं. रुमालातल्या, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातल्या, दोनशे कागदांतून आपल्या कामाचे चार निवडून दिले, तर वाचकाचा वेळ आणि आपले पैसे दोन्ही वाचतात.

सनांचं गणित एकदा लिहून खिशात ठेवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९. फसलीत ५९० किंवा ५९१. पेशवाईच्या कागदांत सुहूर सन असतो आणि तोही अरबी आकड्यांच्या नावांनी. ‘सन समान सबैन मया व अलफ’ असं दिसलं तर घाबरू नका. समान म्हणजे आठ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७८. त्यात ५९९ मिळवा, १७७७. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मेचा कागद असेल तर ६०० मिळवून १७७८.

नावांचा घोळ मात्र आपल्या तालुक्याचा खास आहे. इंग्रजी अमदानीतल्या कागदांत अकोले तालुका सर्रास ‘अकोला’ असा लिहिलेला आहे, १८८४ च्या गॅझेटियरमध्येसुद्धा. त्यामुळे संगणकावर शोधताना वऱ्हाडातलं अकोला पुढ्यात येतं आणि आपले कागद मागे राहतात. जिल्हा ‘अहमदनगर’ घालूनच शोधा. २०२४ पासूनच्या कागदांत अहिल्यानगर येईल, दोन्ही नावं चालवावी लागतील. पेशवाईत जायचं असेल तर संगमनेरच्या नावाखालीही पाहावं, कारण अकोले परगणा सरकार संगमनेरात मोडायचा. आणि १८६९ मध्ये नाशिक जिल्हा वेगळा होईपर्यंत तिकडचा बराच मुलूख नगरच्याच कलेक्टरीत होता. सोयरीक सिन्नर-इगतपुरीकडची असेल तर हे विसरू नका.

आता खरा माल कुठे आहे ते. ज्या घराण्याकडे पाटीलकी, कुलकर्ण, महारकी किंवा बलुत्याचं वतन होतं, त्यांचे कागद १८५२ च्या इनाम कमिशनपासून आणि १८७४ च्या वतन कायद्यापासून भरपूर आहेत. वतन कोणाचं हे ठरवायला वंशावळ मांडावी लागे. त्याच्याही मागे महजर, म्हणजे पंचांचे निवाडे, आणि करीने. करीना म्हणजे घराण्यानं पंचांपुढे सांगितलेली आपली हकिकत: मूळ पुरुष कोण, कुठून आला, गाव कोणी वसवला, भावाभावांत वाटणी कशी झाली. वाचताना अंगावर काटा येतो. पण लक्षात असू द्या, हा तंट्यातल्या पक्षकाराचा जबाब आहे. वतन आपल्याकडे यावं म्हणून तो दिलेला आहे. त्यामुळे समोरच्या पक्षाचा करीना मिळाल्याशिवाय एका बाजूचा खरा धरू नका. दोघंही जे कबूल करतात तेवढं घ्या, ते बहुधा टिकतं.

हे कागद पुण्याच्या पुरालेखागारात, पेशवे दफ्तरात आहेत. रुमाल मागायला आधी रीतसर परवानगी लागते, ओळखपत्र आणि कामाचा विषय लिहून द्यावा लागतो. पहिल्याच दिवशी ‘आमच्या घराण्याचं काय आहे ते दाखवा’ असं म्हणण्यात अर्थ नाही. गाव, परगणा, वतनाचा प्रकार आणि अदमासे साल एवढं घेऊन जा. भारत इतिहास संशोधक मंडळ, जे १९१० मध्ये राजवाडे आणि मेहेंदळे यांनी पुण्यात स्थापन केलं, आणि नगरचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय, ही दोन ठिकाणंही यादीत ठेवा.

गाव वसवणाऱ्यांच्या शोधात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो थळझाडा, म्हणजे गावातल्या थळांची यादी. जुन्या दख्खनी गावाची जमीन थळांत वाटलेली असे आणि थळाला मूळच्या घराण्याचं नाव असे. त्या जमिनीचा वंशपरंपरेचा मालक तो थळकरी किंवा मिरासदार, आणि बाहेरून येऊन मुदतीनं कसणारा तो उपरी. घराणं नष्ट झालं की थळ गतकूळ म्हणून नोंदलं जाई, पण नाव बदलत नसे. कर्नल साइक्स यांनी १८३० च्या दशकात दख्खनच्या जमीनधारणेबद्दल लिहिताना ही पद्धत टिपली आहे, आणि त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त मिरासदार-उपऱ्यांचा सगळा संसार भेटतो. थळझाडा हाती आला की एखादा धक्का बसू शकतो. आज गावात बहुसंख्य असलेल्या आडनावाचं एकही थळ निघत नाही, आणि ज्या आडनावाचं आता घरसुद्धा नाही त्याची तीन निघतात. म्हणजे पहिला नांगर त्यांचा. आपले पूर्वज नंतर आले, बहुधा एखाद्या दुष्काळानंतर.

कारण गावं एकदाच वसलेली नाहीत. १६३०-३२ चा दुष्काळ, १८०३-०४ चा होळकर-पेंढाऱ्यांच्या लुटीपाठचा दुष्काळ, दर वेळी गावं ओस पडली आणि सरकारनं कौल देऊन नवी माणसं बोलावली. इस्तावा नावाची सवलत असे. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल चढता, काही वर्षांनी पुरा दर. तुमच्या मूळ पुरुषाच्या नावे असा कौलनामा सापडला, तर तो गावात कोणत्या साली आला याचा याहून चांगला पुरावा नाही. तो उपरी होता म्हणून मन खट्टू करून घेऊ नये. ओस रानात दुसऱ्यांदा नांगर धरणं पहिल्यापेक्षा सोपं नसतं.

पहिले म्हणजे फक्त पाटील, हेही डोक्यातून काढावं लागेल. गावच्या शिवेचा तंटा लागला की महाराची साक्ष निर्णायक मानत, कारण शीव त्याला ठाऊक. हाडोळ्याच्या, म्हणजे महार वतनाच्या, जमिनींचे जुने कागद आणि १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं खालसा झाल्यावर त्या परत दिल्याचे फेरफार पाहा. अनेक बौद्ध घराण्यांची गावातली पाळंमुळं पाटलांइतकी जुनी निघू शकतात.

डांगाणात, राजूरच्या पलीकडे, गोष्टच वेगळी. महादेव कोळी आणि ठाकर घराण्यांची वस्ती जुनी, पण कागद उशिरा सुरू होतात. इथे सरकारी नोंद बंडामुळे झाली. देवगावचे राघोजी भांगरे, ज्यांना २ मे १८४८ ला ठाण्यात फाशी दिलं, त्यांच्या आणि वडील रामजींच्या काळातला पत्रव्यवहार मुंबईच्या पुरालेखागारात शोधता येतो. बंड मोडायला आलेला कॅप्टन मॅकिंटॉश यानं महादेव कोळ्यांवर सविस्तर लिहून ठेवलं, त्यात कुळांची नावं आहेत. तो शत्रूच्या नजरेनं बघतोय हे धरून वाचावं, पण वाचावं.

घराणं ख्रिस्ती असेल तर चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवह्या. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ पासून आहे, आणि त्यांच्या मूळ संस्थेचा पत्रव्यवहार अमेरिकेत हार्वर्डच्या ह्यूटन ग्रंथालयात जपलेला आहे. नगर जिल्ह्यातल्या माणसाच्या पूर्वजाचा उल्लेख बोस्टनजवळ मिळावा ही गंमतच.

त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडे जरूर जा, पण शेवटी जा. त्यांच्या नामावळीत दशक्रियेला किंवा सिंहस्थाला आलेल्या पूर्वजांची नावं, बरोबर कोण होतं, गाव कोणतं, हे त्या दिवशी त्यांच्याच तोंडून लिहून घेतलेलं असतं. म्हणून ही नोंद मौल्यवान. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशा वह्यांच्या सूक्ष्मचित्रफिती अमेरिकेतल्या यूटाच्या वंशशास्त्र संस्थेनं केल्या आहेत. आपल्या उपाध्यायांच्या बाडांसाठी मात्र स्वतःच जावं लागतं. आधी गेलात तर ते पाच नावं वाचून दाखवतील आणि तुम्ही मान डोलवाल. फेरफारातली नावं घेऊन गेलात तर नेमका प्रश्न विचारता येतो. दक्षिणा आधी बोलून घ्या, पान बघायची आणि फोटोची परवानगी मागा. निघताना स्वतःच्या कुटुंबाची नोंद घाला, आणि लेकी-सुनांची नावं आग्रहानं लिहायला लावा.

देवघरातले टाकही विसरू नका. वीर झालेल्या पूर्वजाचा टाक, कुलदैवत, देवक, गावाबाहेरची वीरगळ, आणि शेतांची बोलीतली नावं. म्हाताऱ्या माणसांना ‘आपला मूळ पुरुष कोण’ असं विचारलं की इतिहास ऐकू येतो. ‘त्या वावराला काय म्हणायचे, आणि का?’ असं विचारलं की माहिती मिळते. सुतकाची विचारपूसही करा. कोणत्या घरांचं सुतक आपल्याला येतं यावरून भाऊबंदकी कुठवर पसरलीय ते कळतं, आणि तुटलेल्या शाखा सापडतात.

अनेकांना हे सगळं जातवैधतेसाठी करावं लागतं. तिथे तारखा महत्त्वाच्या: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, यांच्या आधीचा पुरावा बळकट. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात गावोगावची दप्तरं उलटली गेली, त्यामुळे बऱ्याच वह्या धूळ झटकून वर आल्या आहेत. या कामासाठी प्रमाणित नक्कलच लागते, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. नक्कल अर्जावर सर्वे नंबर, नमुन्याचं नाव आणि सालं लिहा. ‘सर्व जुने कागद मिळावेत’ असा अर्ज केला की ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं उत्तर येतं.

वंशावळ मांडताना प्रत्येक नावाखाली कागद लिहा: फेरफार अमुक, साल अमुक. ज्याला कागद नाही आणि फक्त कुणी सांगितलंय, ते नाव तुटक रेघेनं जोडा आणि सांगणाऱ्याचं नाव व तारीख घाला. पेशवाई संपली त्या १८१८ च्या मागे बहुतेकांच्या रेघा तुटकच निघतील, आणि त्या तशाच राहू द्याव्यात. भाऊबंदांपैकी कुणीतरी येऊन म्हणेल की तिथे देवगिरी लिहून टाका, सरळ दिसेल. त्याला चहा पाजा आणि रेघ तुटक ठेवा.